दरवाढीचे शुद्धिपत्र

२२ जून, सोमवार

सूनबाईंनी आज दूरध्वनीवरून माझ्या धाकट्या बहिणीला कळवले की, बाबांनी काम सोडलं, आता घरीच असतात. या एका वाक्यात तीन चुका आहेत. पहिली : मी काम सोडलेले नाही, दर तिप्पट केला आहे. दुसरी : नवा दर १ जुलैपासून अमलात यायचा आहे, सबब भूतकाळ गैरलागू. तिसरी : मुद्रितशोधक घरीच असतो. मी एकतीस वर्षे घरीच आहे. इतरांच्या चुका शोधण्यासाठी बाहेर पडावे लागत नाही, त्या घरपोच येतात.

छापखान्याच्या मालकीणबाईंचे मासिक मी तपासतो आणि त्याच पैशांत त्यांच्या गिऱ्हाइकांच्या जाहिरातींचा मजकूरही लिहितो. हे यापुढे चालणार नाही. अधिक दर देणारी, कमी चुका करणारी गिऱ्हाइके मिळवायची.

ही वही मी स्वतः आखली आहे. सूनबाईंनी दिलेल्या छापील रोजनिशीत बावन्न ठिकाणी ‘गुरूवार’ असे दीर्घ छापले होते. परत केली.

२४ जून, बुधवार

सूनबाई शेजारच्या खोलीत संगणकावर चित्रे, बोधचिन्हे वगैरे करतात. त्यांच्याकडे गिऱ्हाइकांची रांग असते, याचे कारण त्यांनी आजवर एकाचेही व्याकरण सुधारलेले नाही. मी सल्ला मागितला नव्हता. त्यांनी दिला. बाबा, नवा क्लायंट हाती येईपर्यंत जुना तोडू नका, आणि एकदम सगळं अंगावर घेऊ नका, बर्नआउट होतो.

पहिला भाग सोडून दिला. दुसरा विचारार्ह वाटला. मला बर्नआउट नक्कीच झालेला आहे. फक्त त्याला मराठी शब्द नसल्यामुळे आजवर लक्षात आले नाही. दिवसभर प्रतिशब्द शोधला. ‘कर्मदाह’. सूनबाई म्हणाल्या, ऐकूनच पित्त उसळलं.

कर्मदाहावर उपाय : रोज दोन तास काम, चार तास विश्रांती. वर्तमानपत्र बंद केले. मथळे वाचून रक्तदाब वाढतो, तो कोणी भरून देत नाही.

२६ जून, शुक्रवार

मालकीणबाईंना नवा दर सांगितला. फोनमधला यंत्राचा खडखडाट बंद झाला. मग म्हणाल्या, गुरुजी, तिप्पट म्हणजे मासिकाच्या किमतीपेक्षा चुका महाग पडायच्या, बघते आणि कळवते.

‘कळवते’ हा वर्तमानकाळ. म्हणजे कळवण्याची क्रिया सुरू झालेली आहे, ती फक्त माझ्यापर्यंत पोहोचायची आहे.

३० जून, मंगळवार

बारा नामांकित कंपन्यांची माहितीपत्रके मिळवून तांबड्या शाईने तपासली आणि कामाचा नमुना म्हणून ज्याची त्याला पाठवली होती. सूनबाई म्हणाल्या, बाबा, हा अर्ज आहे की नापासाची प्रगतिपुस्तकं? अशा शंकांमुळेच लोक लहान राहतात.

नऊ जणांनी उत्तर दिलेले नाही. अर्थात ते चुका दुरुस्त करण्यात गुंतले असावेत. दोघांनी ‘बघू’ असे कळवले. प्रथमपुरुषी अनेकवचन. एकाहून अधिक माणसे माझा अर्ज बघत आहेत.

बाराव्याचा फोन येणार आहे, त्याची वाट पाहत आहे.

३१ जून, बुधवार

बारावा आला! गाद्या बनवणारी कंपनी. व्यवस्थापक स्वतः फोनवर होते आणि हसत होते. म्हणाले, आजोबा, तुम्ही आमच्या कॅटलॉगची पार चाळण केलीत, साहेबांना फार आवडलं, येत्या आठ तारखेला अकराला या, दोन घोषवाक्यं घेऊन या, साहेब त्याच दुपारी दोन महिन्यांसाठी बाहेर चाललेत. दर सांगितला. ‘चालेल’ म्हणाले. माझ्या कानाला एवढे निर्दोष क्रियापद कित्येक वर्षांत ऐकू आले नव्हते.

सूनबाईंनी फोनमध्ये नोंद करून ठेवू का, म्हणून विचारले. त्यांच्या फोनमध्ये महिना आधी आणि दिवस नंतर येतो. उलट्या क्रमाच्या वस्तूंवर मी विसंबत नाही. नोंद या वहीत केली.

१ जुलै, गुरुवार

नवा दर आजपासून अमलात आला. लावण्यासाठी काम नव्हते. विश्रांती चार तास. नंतर आणखी दोन.

३ जुलै, शनिवार

मालकीणबाईंचा फोन. या महिन्याचा अंक अडला आहे म्हणे. परवा छपाईला जायचाय, गुरुजी, एवढ्या एका अंकापुरतं जुन्या दरात बघा ना, मी एकटी कुठं कुठं पुरी पडू? नम्रपणे नकार दिला. कर्मदाहाची व्याख्याही सांगितली. त्या म्हणाल्या, बरं, तुमचा दाह शांत होऊ द्या, माझं मीच बघते.

‘मीच’ मधील ‘च’ कडे मी दुर्लक्ष केले.

परिस्थिती स्पष्ट असावी म्हणून नोंदवतो. गाद्यांचे काम मिळाले, की मी सुखी. न मिळते, तर माझ्याकडे एकही काम उरले नसते. हे दुसरे वाक्य केवळ संकेतार्थाचे उदाहरण म्हणून लिहिले आहे.

५ जुलै, सोमवार

घोषवाक्य क्रमांक एक : ‘ज्या गादीवर निद्रा सुखाने येते, ती गादी हीच होय.’ गौण वाक्य, प्रधान वाक्य, दोन्ही जागच्या जागी. सूनबाईंनी ऐकता ऐकता जांभई दिली. गादीच्या घोषवाक्यास याहून मोठी पावती कोणती?

त्यांनी स्वतःचे सुचवले : ‘झोपा.’ एवढेच. मी म्हटले, हा आज्ञार्थ आहे, गिऱ्हाइकाला कोणी हुकूम सोडत नाही. त्या म्हणाल्या, बाबा, पाचव्या शब्दापर्यंत आज कोणी वाचतच नाही. मी वाचतो, असे मी म्हणालो. तुम्हाला गादी घ्यायची नाहीये, असे त्या म्हणाल्या.

घोषवाक्य क्रमांक दोन नंतर. विश्रांतीची वेळ झाली.

८ जुलै, गुरुवार, सकाळी ७

इस्त्रीचा सदरा. तांबडी पेन्सिल वरच्या खिशात. क्रमांक दोन सुचलेले नाही, पण क्रमांक एक दोहोंच्या तोडीचे आहे.

सूनबाई न्याहारीला म्हणाल्या, ते गादीवाल्यांचं झालं ना बाबा कालच? लक्ष दिले नाही. त्यांना कालांचे भान नाही.

त्याच दिवशी, दुपारी २

अकराला पाच मिनिटे कमी असताना पोहोचलो. व्यवस्थापक म्हणाले, आजोबा, काल यायचं होतं, साहेब दीड वाजेपर्यंत थांबले आणि गेले. मी म्हणालो, आज आठ. ते म्हणाले, आज नऊ. मी वही काढून दाखवली. त्यांनी पाने चाळली, एका पानावर बोट ठेवले आणि कचेरीतल्या दोघांना बोलावून त्यांनाही ते पान दाखवले. ३१ जून. त्यांतला एक बोटांची पेरे मोजू लागला.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ‘गुरूवार’ दीर्घ होता, हे मी निदर्शनास आणून दिले. व्यवस्थापक मला दारापर्यंत सोडायला आले. काम कोणाला दिले, असे मी विचारले. साहेबांनीच जाता जाता एक शब्द सांगितला म्हणे. ‘लोळा.’

१० जुलै, शुक्रवार (दिनांक सूनबाईंच्या फोनवरून, उलटा करून घेतला)

गाद्यांचे काम माझ्या प्रकृतीस मानवणारे नव्हतेच. लोकांना झोपवण्यासाठी मी लेखणी हाती धरलेली नाही.

विश्रांती भरपूर झाली. इतकी की, तिचाही दाह होऊ लागला आहे. तपासायला काहीच नाही. सकाळी औषधाच्या बाटलीवरची सूचना तपासली. दुपारी सूनबाईंची वाणसामानाची यादी. ‘तुरडाळ’ सुधारून ‘तूरडाळ’ केले. त्यांनी यादी हातातून काढून घेतली नाही. शेजारी बसून म्हणाल्या, बाबा, छापखान्यात एक चक्कर मारून या ना.

१४ जुलै, मंगळवार

गेलो. मालकीणबाई यंत्रापाशी होत्या, हात शाईने काळे. बसा गुरुजी, पाय दुखत असतील, एवढेच म्हणाल्या. नव्या अंकाची प्रत समोर ठेवली. अंक वेळेवर निघाला होता. मी उभ्यानेच पेन्सिल काढली. एकोणीस चुका. तेरा त्यांच्या, सहा लेखकांच्या.

तक्रारी किती आल्या, असे मी विचारले. मला वाटते, आवाज नेहमीसारखाच होता. त्या म्हणाल्या, एक आली. पिन सुटते म्हणून.

मी पेन्सिल खिशात ठेवली.

मग त्या म्हणाल्या की, तुम्ही नसताना अंक निघतो, गुरुजी, पण छापून झाला की मला रात्रभर धाकधूक होते, कुठं काय राहिलं म्हणून; तेव्हा पुढच्या अंकापासून जुन्याच दरात, जाहिरातींचं लिखाण वेगळं धरून, तुम्ही पुन्हा... आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते. मी त्यासाठी थांबलो नाही. होकार देऊन टाकला.

पहिले काम म्हणून या एकोणीस चुकांचे शुद्धिपत्र लिहायला दिले आहे. ते झाले. हात चालू आहे तोवर या वहीचेही करून ठेवतो.

३१ जून, बुधवार : असा दिवस नाही. वाचावे १ जुलै.

१ जुलै, गुरुवार : वाचावे २ जुलै. ‘नवा दर आजपासून अमलात आला’ हे वाक्य वगळावे.

३ जुलै, शनिवार : वाचावे ४ जुलै. ‘नम्रपणे’ हा शब्द वगळावा.

५ जुलै, सोमवार : वाचावे ६ जुलै.

८ जुलै, गुरुवार : वाचावे ९ जुलै. खऱ्या ८ जुलैची नोंद या वहीत नाही. त्या दिवशी अकरा ते तीन मी दुसऱ्या दिवशीच्या भेटीसाठी विश्रांती घेत होतो.

जुलै : दिवस एकतीस. सूनबाईंना विचारून लिहिले आहे.