मांडवावरची चादर

मी, हेडविका उर्बास, कै. मातेवझ उर्बास यांची पत्नी, वय एकसष्ट, निसर्गचित्रे काढणारी, राहणार पोद्गोरा, हे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे सोडल्यास माझे सर्व ठिकाणावर आहे. हे लिहावे म्हणून कोणी मला भरीला घातलेले नाही. उलट लिहू नये म्हणून मीच मला बत्तीस वर्षे अडवत आले.

१. घर, गाय व नासपतीची तिन्ही झाडे माझ्या नणंदेची मुलगी येरित्सा हिला. ती चार वर्षांची असल्यापासून मी तिला वाढवले.

२. चित्रांची घोडी व ब्रश गावच्या शाळेला. दांड्यांवर दुधाचे डाग आहेत. एक हात कायम पातेल्यात असे.

३. राजधानीतल्या ज्या समीक्षकाने लिहिले, की 'बाईंचे ढग स्वयंपाकघरातून पाहिलेले वाटतात', त्यांना माझी सूप ढवळायची पळी. ते खरेच तिथून पाहिलेले होते.

४. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टांनी दिलेली जपमाळ माझ्या हातात ठेवून पुरावी. शिवणाच्या तासाला त्या म्हणत, "मुलींनो, लपवलेला डाग वाळत नाही." आम्ही तोंड दाबून हसायचो.

५. माडीवर भिंतीकडे तोंड करून ठेवलेले चित्र. हे वाचणारा न्यायालयातला माणूस इथला नसेल, म्हणून सांगते. आमचे सरोवर उन्हाळ्यात तळाच्या विवरांतून निघून जाते आणि शरदात परत येते. कोरड्या तळावर गाव गवत कापते. पाणी परतण्याआधी विवरे ढोलासारखी घुमतात. म्हणून कापणीच्या दिवसांत टेकडीवरची एक बाई पाळीने कान देऊन बसते. ढोल ऐकताच तिने गवत वाळवायच्या मांडवावर चादर बांधायची. चादर दिसताच खालच्यांनी हातातले टाकून वर यायचे.

२९ सप्टेंबर १९३७ रोजी पाळी माझी होती. लाल रुमाल बांधलेली नणंद लोइझ्का खाली उतरताना ओरडली, "वहिनी, आमचं गवत नुसतं रंगवत बसू नकोस! चादर घेतलीस ना?"

"घेतली गं बाई. तू तेवढी चित्रात मधे मधे करू नकोस."

"करणारच! आणि मला बारीक काढ हं."

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "चित्रातल्या गवतावर गाय दूध देत नाही, सूनबाई."

खाली अकरा जण होते. मी अकरा ठिपके काढले, लोइझ्काचा लाल, पाठमोरा. दुपारी पावसाआधीचा तो पिवळा उजेड पडला आणि ढोल वाजला. मी ऐकला. चादर मांडीवर होती. तिलाच मी ब्रश पुसत होते. एवढा ढग होऊ दे, म्हटले. मग लांबवर पाणी चमकले. तेही मी काढले, तळाशी बोटभर. मग उठले.

दहा जण वर आले. लोइझ्का जेवणाची टोपली आणायला मागे वळली होती. ती सापडली नाही.

मी सर्वांना सांगितले, ढोल वाजताच चादर बांधली. येरित्सा सात वर्षांची असताना म्हणाली, "मामी, आईला चादर दिसलीच नसेल का गं?"

"धुकं होतं, बाळा."

धुके नव्हते. चित्र पाहा.

त्यानंतर मी त्या चित्राला ब्रश लावलेला नाही. तरी त्यातले पाणी आता बोटभर नाही. १९४८ साली मी मोजले, चार बोटे भरले. चौकटीची खालची पट्टी ओली लागते, हाताला शेवाळाचा वास राहतो. गेल्या वर्षी दहा ठिपके बुडाले. लाल ठिपका तेवढा उभा आहे. तो आता पाठमोरा नाही. त्याचे तोंड आमच्या मांडवाकडे आहे.

हे चित्र, आणि कधीही न धुतलेली ती चादर, येरित्साला. चित्र ठेवावे की विवरात सोडावे, ते तिने ठरवावे. हा कागद तिने माझ्या मागेच उघडावा. जिवंतपणी तिच्या डोळ्यांत पाहायचे धैर्य मला नाही. क्षमा मात्र मी कोणाच्या नावे करू शकत नाही. ती माझ्या मालकीची नाही.

आज पाळी माझी आहे. येरित्सा खाली कापणीला गेली आहे. चादर मांडीवर आहे.

सही: हेडविका

साक्षीदारांची नोंद: बाईंनी आमच्यासमोर पहिले नाव लिहिले आणि थांबून विचारले, "ऐकलंत?" आकाश निरभ्र होते. येर्नेय तुर्शिच यांनी काही ऐकले नाही. पाव्ला मेडेन यांनी ऐकले. बाई सही अर्धी टाकून, गुडघे दुखत असता, धावत मांडवाकडे गेल्या. कापणारे सर्व वर आले, येरित्सा सर्वांत शेवटी. पाणी त्यानंतर थोड्याच वेळात आले. चादर सोडताना येरित्साने विचारले, "मामी, हिच्यावर हे रंग कसले गं?" बाईंनी तिच्याकडे पाहिले व हा कागद तिच्या हाती दिला. तिचे वाचून होईपर्यंत आम्ही अंगणात थांबलो. मग बाईंनी सही पुरी केली.

उर्बास

साक्षीदार: येर्नेय तुर्शिच, सुतार
पाव्ला मेडेन, शिक्षिका

पोद्गोरा, २७ सप्टेंबर १९६९