काट्याच्या डोक्यातली तार

८ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

एमआरआय झाला का, हे तू चौथ्यांदा विचारलंस. नाही झाला. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी करायचा होता, आता चौदावा महिना चालू आहे. डॉक्टरांनीच तारीख पुढे ढकलली, असं मी हिला सांगितलंय. तुझ्याशी खोटं बोलवत नाही.

अगं, मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा बंद करायला त्यांनी त्यात तारेचं वेटोळं भरलंय. घड्याळ स्पीकरवर ठेवलं की आतली केसाएवढी स्प्रिंग चिकटते आणि घड्याळ सैरावैरा पळतं, हे मी दुकानात रोज बघतो. आणि हे लोक मला अख्खाच्या अख्खा चुंबकाच्या बोगद्यात घालणार. तार हलली तर? मंगळवारी राहवेना, म्हणून घड्याळातलं चुंबकत्व उतरवायचं यंत्र कानशिलाला लावून बसलो. झालं काहीच नाही, पण हिनं पाहिलं आणि घरात रामायण झालं. कामात लक्ष नाही. उठतो, बसतो, परत उठतो.

लोभ आहेच, राग तेवढा आवर.

तुझा
काट्या

१४ जून

चि. काट्यास अ. उ. आ. आणि पाठीत एक धपाटा.

पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना विज्ञान शिकवलं आणि माझा सख्खा भाऊ डोक्याला यंत्र लावून बसतो. कुणाला सांगायची सोय नाही. काल इथल्या तपासणी केंद्रात गेले. मशीन चालवणाऱ्या बाईंना सगळं विचारलं. तुझी तार प्लॅटिनमची असेल तर चुंबक तिला ओढत नाही म्हणाल्या. मात्र ऑपरेशनचं कार्ड बघितल्याशिवाय त्या कुणालाच आत सोडत नाहीत. तेव्हा कार्ड शोध. तुझ्या ड्रॉवरमध्ये असेल तर देवच पावला.

भ्यायचंच असेल तर खऱ्या गोष्टीला भी. कधीकधी वेटोळं दबतं आणि फुग्यात पुन्हा रक्त शिरतं. तेव्हा काही दुखत नाही, म्हणून तर फोटो काढायचा. बायकोला खरं सांग, नाहीतर मी सांगेन. मला झोप लागत नाही रे.

माया आहे म्हणून ओरडते, हे ध्यानात ठेव.

तुझी
ताई

२ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

झाला एकदाचा. अर्धा तास हलायचं नाही म्हणाले, म्हणजे माझ्यासारख्याला शिक्षाच. कानात बोळे घालूनही ठकठक काही थांबेना. तार जागच्या जागी आहे. फुग्याच्या तोंडाशी जरासं रक्त जातंय. आत्ता काही करायचं नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. या वेळी तारीख हिनंच लिहून घेतली.

आता नीट वाच. आई कशानं गेली, असं डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं, डोकं धरून ओट्यापाशी बसली आणि तासाभरात गेली. त्यांनी पेन खाली ठेवलं. तिलाही हेच झालं असावं, म्हणाले. एका घरात दोघांना झालं असेल, तर उरलेल्या भावंडांनीही तपासून घ्यावं, काही दुखत नसलं तरी. ताई, उरलेली तू एकटीच आहेस. तारीख घे आणि लगेच कळव.

उत्तराची वाट बघत,
तुझा
काट्या

२० जुलै

चि. काट्यास अ. उ. आ.

तारीख दोनदा घेतली. दोन्ही वेळा त्या दारापर्यंत गेले आणि परत आले. बाईंनी नावानं हाक मारली तरी पाय उचलेना. तुला शिकवत होते तेव्हा सगळं किती सोपं वाटत होतं.

आता तीन ऑगस्टला बोलावलंय, सकाळी दहाला. दुकान बंद ठेव आणि ये. मला काही समजावू नकोस, नुसता बाहेरच्या बाकावर बस.

आईला नेलं तेव्हा मी तुझा हात घट्ट धरला होता. धाकट्याला किती जपते, असं सगळे म्हणाले. काट्या, तुझा हात सोडला असता तर मीच खाली बसले असते.

लोभ पत्रातून नको, घेऊनच ये.

तुझी
ताई