दसऱ्याचं तेल

९ ऑगस्ट
प्लास्टर निघालं. मनगट काडीसारखं झालंय, पण वळतं. बाथरूममध्ये घसरून पडले होते, गाडीवरून नाही. हे लिहून ठेवते, कारण बुलढाण्यात कुणालाही विचारा, मी मोटरसायकलवरूनच पडले असं सांगतील. जिल्हा बदलून बदलून पस्तीस वर्षं नर्सिंग केलं, मेट्रन म्हणून निवृत्त झाले, पण गावाला आठवण एकच, ‘ती मोठ्या गाडीवाली म्हातारी’. बरं.
दुपारी धामणगावला फोन. हाताला प्लास्टर होतं तेव्हा धाकटे दीर नानाभाऊ गाडी घेऊन गेले होते, ‘उभी राहून राहून बॅटरी उतरते, वयनी’ म्हणून. आता आणून द्या म्हटलं.
‘सावकाश. हात तं बसू द्या.’

१७ ऑगस्ट
परत फोन. नानाभाऊंनी उचलला नाही. सुलभाने, म्हणजे धाकट्या जावेने, उचलला. ‘हे गाडीवरच गेले, ताई, मोताळ्याले.’ आवाज चोरून बोलत होती.

२३ ऑगस्ट
एसटीने धामणगाव बढे. सांगून गेले नाही.
गाडी शेडमध्ये, ट्रॅक्टर आणि थ्रेशरच्या मध्ये. दुरून ओळखली नाही. पुढे दिव्यांची पट्टी, ट्रकचा हॉर्न, काचेवर रेडियममध्ये ‘नाना’. डाव्या डिक्कीत फवारणीचे नोझल. लेह-लडाखसाठी घेतलेल्या माझ्या डिक्कीत. वास जाणार नाही.
हे सगळं चाललं असतं. पण सीट.
माझी उंची पाच फूट एक इंच. खामगावच्या रफिक मिस्त्रीने दोन दिवस खपून सीटचा फोम कोरला होता, मागचं सस्पेन्शन खाली घेतलं होतं, माझे दोन्ही पाय टेकेपर्यंत. नानाभाऊंनी ते सगळं काढून टाकलं. नवा जाड फोम, सस्पेन्शन पूर्ववत. मी बसून पाहिलं. एका पायाचा अंगठा जेमतेम. गाडी कलली, त्यांनीच धरली. शेजारचे दोघे तिथेच उभे.
‘पाय पोचत नाहीत, वयनी. गाडी कोनाची हाय ते गाडीच सांगते.’
दोघे हसले. सुलभा चहा घेऊन दारात थांबली, ती हसली नाही.
राग आला की वीसपर्यंत मोजायचं, कॉन्व्हेंटची शिकवण. एसटीत दोनशेच्या पुढे गेले.
बावीस वर्षं या वहीत ‘नानाभाऊ’ लिहीत आले. आजपासून नुसतं ना.

२४ ऑगस्ट
पोलिसात जाता येईल. कागद माझ्या नावावर. पण भावजयीने दिराची तक्रार केली की बोटं भावजयीकडेच वळतात, आणि घरात त्याची भरपाई सुलभा करते. शिवाय गाडी नुसती परत नको मला. त्याच्या माणसांसमोर हवी.

११ सप्टेंबर
ना.ने स्टेटस टाकलंय. गाडी, गॉगल, मागे लोणारचं सरोवर. खाली ‘आपली रानी’. तिला नाव नाही. मी मुद्दाम ठेवलं नव्हतं.

२५ सप्टेंबर
सुलभाचा फोन. दसऱ्याच्या सफाईचं सांगत होती. त्या घरची रीत मला ठाऊक आहे, सासऱ्यांपासूनची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेडमधल्या प्रत्येक यंत्राचं जुनं तेल काढायचं, एकाच मोठ्या कॅनमधून सगळ्यांत नवं भरायचं. ट्रॅक्टर, थ्रेशर, डिझेल पंप. मग हळदकुंकू. जणू एका पंगतीचं जेवण, कुणाला वेगळं वाढायचं नाही.
‘औंदा गाडीलेही भरनार हाय. वरून ते ट्रॅक्टरात टाकते न, इंजिन मऊ चालायची बाटली, तेही.’
मी हं म्हटलं. फोन ठेवला, मॅन्युअल काढलं. मोटरसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो, त्याला त्याचंच तेल लागतं. खात्री करायला रफिकला फोन केला, सहज विचारते म्हणून.
‘भलतं तेल, अन् वरून ती बाटली? प्लेटा घसरतात, सिस्टर. सपाटीवर कळत नाही. चढावर इंजिन बोंबलते अन् गाडी जागच्या जागी.’
धामणगावहून माझ्याकडे यायचं म्हणजे राजूर घाट.
सुलभाला परत फोन करता आला असता. खोटं बोलायचं नाही हे नन्सनी हाडात भरलंय. गप्प बसायचं नाही असं मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

२८ सप्टेंबर
ना.ला फोन. आवाजात साखर. दसऱ्याचं सोनं द्यायला याल तर गाडीवरच या, नानाभाऊ, कॉलनीला पाहू द्या. आणि येताना ज्वारी आणा, दोन्ही डिक्क्या भरून. फुगला. मित्रांनाही घेऊन येतो म्हणाला. मी म्हटलं, आणाच.
नंतर पिकअपवाल्याला सांगून ठेवलं. दसऱ्याला सकाळी साडेनऊपासून घाटाच्या माथ्यावर उभा राहा.

२ ऑक्टोबर, दसरा
सगळं लिहिते, क्रमाने.
साडेनऊला स्कूटीने घाटमाथ्याच्या चहाच्या टपरीवर. पिकअप आलेली. दहाच्या सुमारास ना.चे दोन मित्र आपापल्या साध्या गाड्यांवर वर आले आणि मागे वळून पाहायला थांबले. मग खालून आवाज. माझ्या गाडीचा आवाज मी झोपेतही ओळखेन. इंजिन किंचाळत होतं आणि आवाज जवळ येत नव्हता. इतकं गोड काही मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. चहा पूर्ण प्यायले. मग उतरले.
तिसऱ्या वळणावर गर्दी. जळका वास. कुणी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतं. ना. घामाघूम, झेंडूची माळ हँडलला, अ‍ॅक्सिलरेटर पिळतोय.
आणि कठड्यावर सुलभा.
ती हिशेबात नव्हती. बावीस वर्षांत त्याने तिला माझ्याकडे कधी स्वतः आणलं नाही, ती एसटीनेच येते. ओढ गेली तशी गाडी मागे सरकली, ती घाबरून उतरायला गेली आणि गुडघ्यावर आपटली. नवी साडी फाटलेली, रक्त. माझी ओढणी फाडून बांधली. ती माझ्याकडे बघत होती, मी गुडघ्याकडे.
मग उठले. ठरवलेलं वाक्य होतं, ते म्हटलंच. आवाज वॉर्डात लावायचे तसा.
‘नाना, उतर. गाडी माझी आहे.’
उतरला. मित्र खाली येऊन बघत उभे होते. पिकअप पाच मिनिटांत खाली आली, चौघांनी गाडी चढवली. सुलभाला स्कूटीवर घरी आणलं, जखम धुतली. ना. सोनं न देताच मित्राच्या मागे बसून गेला.

४ ऑक्टोबर
खामगाव. रफिकने क्लच उघडला. प्लेटा काळ्या, निळ्या पडलेल्या. बघवलं नाही. त्या माझ्याच प्लेटा.
रफिकने हात पुसले. ‘सिस्टर, मागच्या हप्त्यात तुमी हेच इचारलं होतं न?’
सीट खाली घ्या, म्हटलं. पूर्वीसारखी. हॉर्न काढा.

७ ऑक्टोबर
धामणगावची बातमी माझ्या जुन्या वॉर्डबॉयकडून, तो तिथलाच. चौकात ना.ला विचारतात, ‘काऊन नाना, आता ट्रॅक्टरवर सोनं वाटता काय?’ ना. सांगत फिरतोय की गाडीच खोटी होती, बाईमाणसाची. सांगू दे. दोनदा वाचलं हे, परत लिहिते. चौकात विचारतात.

१० ऑक्टोबर
गाडी आली. दोन्ही पाय टेकले, टाचांसकट. काचेवरचं ‘नाना’ ब्लेडने खरवडलं. अजिंठा रोडने आठ किलोमीटर जाऊन आले. मनगट दुखलं. आरशात माझंच तोंड, हेल्मेटमध्ये, हसणारं. माफी मागायला ना. आला तर दारातच उभा ठेवायचा, हे ठरलं.

११ ऑक्टोबर
ना. नाही. सुलभा आली, एसटीने, लंगडत. जखम ओली राहिलीय, कडेने लाल. घरी कुणी पट्टी बदलली नाही. बदलायला बसले.
ती माझ्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, दसऱ्याच्या दिवशी, घाटात, पाच मिनिटांत पिकअप कशी आली.
मी कापूस भिजवत राहिले.
‘तुमाले माहीत होतं न, ताई?’
हो म्हटलं.
‘मी सांगतलं म्हून.’
हो.
रागावली असती तर मी बोलले असते. ना.ने काय केलं, शेडमध्ये कसे हसले, सगळं जिभेवर होतं. तिने फक्त पाय खाली घेतला, साडी सारखी केली.
‘त्याईचं ठीक हाय. मले तं सांगाचं होतं.’
तिच्यासाठी ठेवलेला चहा तसाच राहिला. स्टँडपर्यंत सोडते म्हटलं, गाडीवर. नको म्हणाली, चालत गेली.
ना.बद्दल मला काडीचंही वाईट वाटत नाही. हे आज मुद्दाम लिहिते.
पण ती पट्टी रोज बदलायला हवी, नाहीतर चिघळेल. ती आता इकडे येणार नाही. म्हणजे उद्या मीच धामणगावला. दार ना. उघडेल.