दादा घरी नाही

६ ऑक्टोबर १९८७

आज परत तो शेरिफचा माणूस, कोर्टाचे कागद घेऊन! दादा वरच्या खोलीत, आणि मी दारात— "ही इज नॉट हियर." खोटं बोलताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही. मृणालिनीवहिनीने क्लीव्हलंडला डिव्होर्स फाइल केलाय, तेव्हापासून दादा याच राज्यात, तिथून दोन तासांवर, इथे डब्लिनला माझ्याकडे. म्हणतो, कागद हातात घेतलेच नाहीत तर डिव्होर्स कसला?

वहिनीचा संताप येतो. इतका देवमाणूस, आणि त्याला कोर्टात खेचायचं!

९ ऑक्टोबर

थकले बाई. बेल वाजली की आधी पडद्याआडून बघते. आज नुसता पोस्टमन होता.

१५ ऑक्टोबर

आज त्या माणसाने ऐकवलंच. मॅडम, कोर्टाचे कागद द्यायला आडकाठी करणं हा गुन्हा आहे, घरात कोणी असेल तर विचार करा. शांतपणे म्हणाला, म्हणून जास्तच लागलं. जेवताना हे भडकले. पुढच्या महिन्यात आमचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू, आणि बायकोवर केस झाली तर? "तुझ्या भावापायी आपण गोत्यात येणार!"

खरंय त्यांचं. पण दादाने स्पॉन्सर केलं म्हणून तर आम्ही या देशात आलो. इकडे आड, तिकडे विहीर. कोणाशी बोलायचंही त्राण नाही.

२४ ऑक्टोबर, भाऊबीज

ओवाळलं. दादाने विचारलं, काय हवं ओवाळणीला? मी ताट खाली ठेवलंच नाही. म्हटलं, "तो माणूस आला की दार तू उघड. तीच माझी ओवाळणी."

ह्यांचा चकलीचा घास तसाच हातात. दादाने होकारार्थी मान हलवली. बहिणीने ताट धरून मागितलेलं त्याने कधी नाकारलेलं नाही. मला मात्र रडूच कोसळलं. भावाला घराबाहेर काढल्यासारखं वाटलं. मग सगळ्यांना गरम पुऱ्या वाढल्या.

२६ ऑक्टोबर

दादाने दार उघडलं, कागद घेतले. पाकीट न फोडताच म्हणाला, "सुनेत्रा, यात असेल ते खरं असणार. मी तिच्यावर हात टाकलाय. एकदा नाही."

मी वहिनीला फोन लावला. म्हटलं, "दादाने सांगितलं मला सगळं." तिने घाबरून विचारलं, "तुला काही केलं नाही ना त्यांनी?"