गावठाणात कोणीच एकटं नाही

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पोस्टर तिसऱ्यांदा परत आलं! आमच्या गाइड मृणालिनी मॅडमना निळा नको, "शांत" रंग हवा. त्याआधीचा हिरवा त्यांना "फार सरकारी" वाटला होता, आणि पहिला पिवळा "फार भडक". आता पिस्ता. पिस्ता कुठून शांत?

पण चिडायचं नाही असं ठरवलंय. एकवीस तारखेला आमच्या सायकॉलॉजी डिपार्टमेंटचा 'उन्मेष' — टीवायच्या मुलांची संशोधनं, बाहेरचे परीक्षक, बक्षिसं, समोसे. वर्षातला हा एकच दिवस, ज्या दिवशी कोणी "म्हणजे तू आता माझ्या मनातलं ओळखणार?" असं विचारत नाही. आणि अंतिम पाचात आम्ही आहोत! मी आणि देवेश. मला पहिला नंबर हवाय, खोटं कशाला बोलू. देवेशला तर हवाच. त्याच्या घरी बी.ए. झालं की नोकरी, असं ठरलेलं आहे. "पहिला आलो तर बाबा एम.ए.ला हो म्हणतील," हे त्याने मला इतक्यांदा सांगितलंय की त्याच्या बाबांना मी ओळखते असं वाटायला लागलंय.

विषय आमचा साधा. म्हातारपणातला एकटेपणा आणि राहण्याची जागा. मरोळच्या आमच्या ख्रिस्ती गावठाणातली तीस म्हातारी माणसं माझी, दिंडोशीच्या बिल्डिंगांमधली तीस देवेशची. सगळ्यांना तेच वीस प्रश्न. "बोलायला कोणी नाही असं किती वेळा वाटतं?" — कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी. दिंडोशीत थोडं इकडे, थोडं तिकडे, जसं यायचं तसं आलं. आणि आमच्या गावठाणात एकटेपणा जवळजवळ शून्य! मॅडम आकडे बघून खुर्चीतून उठल्याच. "शर्लिन, हे फार सुंदर आहे!"

मग तेव्हा पोस्टरचा रंग कसा काय नाही दिसला त्यांना?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कॉलेजातून दमून आले, तर अर्बन अंकल दारातल्या खुर्चीवर. "काय पोरी, आज नाय कागद?" त्यांची प्रश्नावली भरून घेतली त्या दिवसापासून रोज हाच विनोद. पहिल्यांदा हसले मी. आता नुसती मान हलवून पुढे जाते.

डॅडींचे चुलतभाऊ हे, आमच्यापासून चौथं दार. मिसेस वारल्या, मुलगा क्लिफर्ड कॅनडात. तरी माणूस मस्त! वीसच्या वीस उत्तरं त्यांनी हसत हसत पाच मिनिटांत दिली. बरं झालं, मला पुढे आठ घरं करायची होती. सगळ्यात कमी एकटेपणा त्यांचाच निघाला. म्हणून स्लाइडवर त्यांचं उदाहरण घेतलंय, नाव न देता — "चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ. एकटे राहतात, पण एकटे नाहीत." हे वाक्य माझं! मॅडमनी त्याला पिस्ता चौकट करायला सांगितली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मम्मीने 'उन्मेष'चं आमंत्रण अख्ख्या गावठाणाला देऊन टाकलं. लग्न आहे का माझं?

सोमवार, १० फेब्रुवारी

राग! नुसता राग.

मॉनिका आन्टीकडे फुगे, म्हणजे आमचे मैद्याचे तळलेले गोळे, आणायला गेले होते. आन्टी म्हणजे गावठाणाचं न्यूज चॅनल. क्रॉसजवळच्या रोजच्या संध्याकाळच्या प्रार्थनेची, रोझरीची, सुरुवात तीच करते, आणि रोझरीनंतरची पंचाईतही. तेलात फुगे सोडता सोडता म्हणते, "तुजा पयला नंबर पक्का ना गं? आमी सगल्यांनी बरोबर लिवलंय."

बरोबर? बरोबर म्हणजे काय, आन्टी?

म्हणजे हे! म्हातारी माणसं प्रश्नांना बिचकू नयेत म्हणून एक कोरी प्रत मी आन्टीकडे आधी ठेवली होती. मीच! हात दाखवून अवलक्षण! आन्टीने ती रोझरीनंतर सगळ्यांना वाचून दाखवली आणि कुठे काय म्हणायचं ते घोकवून घेतलं. "पोरीचे मार्क हायत. एकटं वाटतं असं कोणी बोलायचं नाय." आमच्या प्रश्नावलीत मुद्दाम काही उलटे प्रश्न असतात, "तुमची माणसं तुमच्या जवळ आहेत असं वाटतं का?" असे, म्हणजे कोणी न वाचता खुणा केल्या तर कळतं. ते सगळ्यांचे अचूक आले म्हणून मी वर्गात मिरवलं होतं — आमच्या लोकांनी मन लावून भरलंय! मन लावूनच भरलं होतं. आन्टी म्हणे, "तिकडे 'नेहमी' बोला, मी आठवणीने सांगितलेलं."

मी ओरडले. आन्टीला कळेचना. "मग काय सांगायचं होतं? आपली पोर कॉलेजात जाऊन बोलेल, गावठाणची म्हातारी एकटी पडलीत? लाज नाय वाटणार?"

वर फुग्यांचा डबा हातात दिला. गरम होते. घरी येऊन सहा खाल्ले आणि मग रडले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

देवेशला सांगितलं. आधी हसला. मग त्याचा चेहरा पडला. "यार शर्लिन, वाट लागली." मग, "कोणाला सांगू नकोस." मग पाणी पिऊन आला आणि म्हणाला, "नाव माझं पण आहे त्यावर."

तेही खरंच. त्याचे तीस लोक त्याने रविवार-रविवार घालवून मिळवले. लिफ्ट बंद असलेल्या बिल्डिंगांचे जिने चढला तो.

मॅडमकडे गेले. त्या पाहुण्यांच्या शालीचा रंग ठरवत होत्या. ऐकून घेतलं, आणि, "अगं, लोक नेहमीच चांगलं दिसेल असं उत्तर देतात. संशोधनाच्या मर्यादांमध्ये एक ओळ टाक." म्हटलं, मॅडम, एक ओळ नाही, तीस माणसं आहेत. "शर्लिन, दहा दिवसांवर कार्यक्रम आलाय."

म्हणजे रंग तीनदा बदलता येतो. निष्कर्ष नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

ठरवलं, पुन्हा विचारायचं! खरं खरं. कोऱ्या प्रश्नावल्या घेऊन सात-आठ घरं फिरले. एकानेही दाद दिली नाही. "दिलं ना एकदा?" "आता बदललं तर तुज्या मार्कांचं काय?" एका आजींनी तर माझ्या हातातला कागद घडी घालून माझ्याच पर्समध्ये ठेवला आणि गालावरून हात फिरवला. त्या घरात बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता, समोर कोणी नव्हतं, आतल्या खोलीतही कोणी नव्हतं. वरून विमान गेलं. मग म्हणाल्या, "मना काय कमी हाय?"

आपलेच दात, आपलेच ओठ. चिडायचं तरी कोणावर!

रविवार, १६ फेब्रुवारी

एक गोष्ट बरी झाली. एकच!

अर्बन अंकल रोझरीला जातच नाहीत, हे मला आज चर्चमध्ये मिसाला बसल्या बसल्या आठवलं. मिसेस गेल्यापासून क्रॉसजवळ फिरकले नाहीत. म्हणजे त्यांना कोणी पढवलेलं नाही! तडक त्यांच्या दारात गेले. "मॉनिका आन्टीने तुम्हाला काही शिकवलं होतं?" ते म्हणाले, "मना कोण शिकवणार?" आणि हसले. मग, "बस ना. आज कागद नाय?" नाही अंकल, पोस्टर आणायला जायचंय.

पिस्ता चौकट राहणार. ती तरी खरी आहे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी, तरी तालमीला बोलावलं. देवेश माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो. मर्यादांची ओळ टाकली आहे, शेवटच्या स्लाइडवर, तळाला. मॅडम म्हणाल्या, अक्षर थोडं लहान कर. केलं.

केलं मी! कोणी माझा हात धरला नव्हता.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सगळं लिहून काढते, म्हणजे झोप तरी लागेल.

गावठाण आलं. चार रिक्षा भरून आलं! मॉनिका आन्टी लाल चौकड्यांच्या लुगड्यात, सगळे दागिने घालून. अर्बन अंकल कोटात — तो कोट क्लिफर्डच्या लग्नातला. दुसऱ्या रांगेत ओळीने बसले. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांची शाल. मग आम्ही.

मी बरं बोलले. देवेश फारच चांगला बोलला. शेवटची स्लाइड आली तशी गेली, तळाची ओळ कोणी वाचली असेल तर देव जाणे. मला वाटलं, सुटलो.

परीक्षक नंदकिशोर सर. बुटके, शांत. म्हणाले, "एका वस्तीत इतका कमी एकटेपणा मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. कसं काय?" मी तोंड उघडते तोच दुसऱ्या रांगेतून मॉनिका आन्टी उठली. हात वर!

"सर, आमीच ते! एकाचं पण उत्तर चुकलेलं नाय. मी सगल्यांचं पाठ करून घेतलेलं!"

मग अख्खा हॉल हसला. असा हसला की माइक घुमायला लागला. आन्टीला वाटलं कौतुक चाललंय, ती पण हसली. मॅडम "गोपनीयता, गोपनीयता" असं काहीतरी पुटपुटत होत्या. मी देवेशकडे पाहिलं नाही.

सरांनी हसणं थांबू दिलं. मग मला विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

"हो सर."

"कधीपासून?"

"दहा तारखेपासून." काय करणार? खोटं बोलायची ताकद उरली नव्हती.

"मग यात खरं काहीच नाही?"

आणि मी — अजूनही माझंच घोडं पुढे! — म्हणाले, "एक आहे सर." पिस्ता चौकटीवर परत गेले. वाचून दाखवलं. एकटे राहतात, पण एकटे नाहीत. माझी नजर अंकलांकडे गेली, त्याबरोबर सगळ्यांचीच गेली. सर म्हणाले, "वा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंकल अर्धवट उठले, खाली बसले आणि कोटाच्या बटणाकडे बघत राहिले. मला वाटलं, लाजले.

पहिला नंबर 'रील्स आणि झोप' या विषयवाल्यांना. दुसरा, तिसरा कोणाला ते ऐकलंच नाही.

देवेश समोशांच्या रांगेत भेटला. एवढंच म्हणाला, "माझे तीस तरी खरे होते." आणि प्लेट न घेता गेला.

परतताना रिक्षात मॉनिका आन्टी आणि अर्बन अंकलांच्या मध्ये मी. आन्टी विचारत राहिली, मग पयला नंबर कोणाचा? मग मी फुटलेच. तुम्ही सगळे खोटं बोललात, देवेशचं वर्ष वाया घालवलंत, आणि लाज कसली वाटते तुम्हाला, एकटं वाटणं काय पाप आहे का! नको नको ते बोलले. आन्टी पदर तोंडाला लावून बसली. मग मी अंकलांना म्हटलं, "तुमचं एकट्याचंच खरं होतं, अंकल. थँक यू."

ते रस्त्याकडे बघत होते. समोसा रुमालात बांधून आणला होता, तो तसाच मांडीवर.

शनिवार, २२ फेब्रुवारी

देवेशला तीन मेसेज. तिन्हींवर ब्लू टिक. उत्तर नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

मॅडमनी बोलावलं. वाटलं, बोलणी खायची. तर म्हणे, वार्षिक अहवालात आपलं पोस्टर घ्यायचंय, फोटो छान आलाय, रंग उठून दिसतो.

या बाईंपुढे मी हात टेकले.

मॉनिका आन्टीकडे जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, "मना काय, मी ओरडा खाल्लाय आयुष्यभर." फुग्यांचा डबा पुन्हा दिला. मग दारापर्यंत आली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "संध्याकाली सहा वाजता वाटतं. रोझरी सुरू होईपर्यंत. आता लिवू नको कुठे."

इथे लिहिलं. इथे कोण वाचतंय!

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

देवेश बोलला. त्याच्या बाबांनी अंधेरीत कुरियरच्या ऑफिसात शब्द टाकलाय. "सॉरी" म्हटलं तर म्हणे, "सॉरी काय, चल प्रॅक्टिकलला, उशीर होतोय." हे त्याने शिव्या देण्यापेक्षा वाईट.

अर्बन अंकल आठवडाभर दारात दिसले नाहीत. खुर्ची आत. मला सुटल्यासारखं वाटलं, तो कागदाचा विनोद ऐकायला लागला नाही.

रविवार, २ मार्च

मिसाहून आलो, तर अंकल आमच्या पायरीवर. विचारलं, "कागद हाय काय अजून?" म्हटलं, ते संपलं अंकल, आता काही उपयोग नाही त्याचा. "ठाऊक हाय. तरी आण."

कोरी एक सापडली. पहिला प्रश्न वाचला. बोलायला कोणी नाही असं किती वेळा वाटतं?

विमान गेलं. मग दुसरं गेलं. मग म्हणाले, "नेहमी."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "अंकल, पण तेव्हा तर तुम्ही—"

"तवा तू घाईत होतीस."

मी खूण केली. दुसरा प्रश्न वाचायला लागले, तर त्यांनी कागदावर हात ठेवला.

"एकदम नको. वीस हायत ना? रोज एक विचार."