तुम्ही पुढंच बसलात

दादा,

गेल्या महिन्यात मी गाडी चालवणं सोडलं. म्हणजे रेसची. घरची चालवतोच, परवाच आईला घेऊन केजच्या बाजाराला गेलतो. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी आता चव्वेचाळीसचा आहे. या धंद्यात एवढं वय म्हणजे पुष्कळ झालं. हात अजून ठीक आहेत, पण मान दुखते, आणि नवी पोरं वळणावर माझ्यापेक्षा दहा पावलं उशिरा ब्रेक दाबतात आणि तरी वळणात नीट बसतात. टीमनं केक कापला, दोघं-तिघं बोलले, मी जरा रडलो. घरी येऊन पडलो आणि तुमचीच आठवण आली. तुम्ही असता तर म्हणाला असता, सुटलास एकदाचा, आता तरी एखादी धड नोकरी बघ.

तुम्ही तहसीलच्या जीपचे ड्रायव्हर. किती साहेब आले आणि बदलून गेले, जीपसुद्धा दोनदा बदलली, बदलला नाहीत ते तुम्हीच. रोज सकाळी जीप धुणं, मागच्या सीटवर पांढरा टॉवेल अंथरणं, साहेब दिसले की पळत जाऊन दार उघडणं. एका सुट्टीत तुम्ही मला बरोबर नेलं होतं. साहेब युसूफ वडगावला कुणाच्या तरी वाड्यावर चहाला बसलेले, जीप लिंबाखाली उभी, आणि तुम्ही पाणी प्यायला हापशावर गेलेले. मी दहा वर्षांचा असेन. चढलो तुमच्या सीटवर, धरलं स्टेअरिंग, आणि तोंडानं इंजिनाचा आवाज काढत निघालो बीडला. तुम्ही आलात, कान धरून मला खाली उतरवलंत आणि मागं नेऊन थेट त्या पांढऱ्या टॉवेलवर बसवलंत, धुळीच्या पायांसकट. म्हणालात, "हितं बसायचं. ती जागा माझी हाय, तुझी न्हाई." मी भोकाड पसरलं. मला वाटलं, पाय मळलेत म्हणून रागावलात. पण टॉवेल मळला त्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, उलटा करून अंथरलात आणि साहेबांना नेऊन सोडलंत. संध्याकाळी घरी भिंतीवरच्या फोटोतल्या निळ्या कोटाकडं बोट दाखवून मला म्हणालात, "ह्यांनी आपल्यासाठी येवढं केलं, आन् आपुन आजून दारंच उघडायलोत." मी मागच्या सीटवर बसणारा व्हावं, एवढंच तुमचं मागणं होतं. ते मला तेव्हाही कळलं होतं, कळलं नाही असं मी म्हणणार नाही.

इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा तुम्ही मला सोनेरी टोपणाचं पेन घेऊन दिलंत, साहेब लोक सहीला वापरतात तसलं. ते घेऊन मी पुण्याला गेलो, पास झालो आणि रेसच्या गाड्या बांधणाऱ्या एका टीममध्ये चिकटलो. काम पान्याचंच होतं. एके दिवशी त्यांचा ड्रायव्हर तापानं फणफणलेला आणि नवे ब्रेक तपासायचे होते, तेव्हा कुणीतरी म्हणालं, तूच दोन चकरा मारून आण. मी दोनाच्या बारा मारल्या. गाडी परत लावली तेव्हा सगळे घड्याळाकडं बघत उभे होते, आणि मला दादा, खरं सांगतो, पहिल्यांदा वाटलं की आपल्याला काहीतरी येतं. वर्षभरात त्यांनी मला ड्रायव्हर म्हणून घेतलं. करारावर सही मी तुमच्याच पेनानं केली आणि हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही पेन परत मागितलं असतं.

घरी सांगायला आलो तो दिवस जसाच्या तसा आहे. आई भाकरी थापतेय, तुम्ही जेवायला बसलाय, मी दाराला टेकून उभा. मी सांगतो की रेसच्या गाडीवर ड्रायव्हर झालोय, पगार बरा आहे. तुम्ही हातातला घास ताटात परत ठेवता.

"इंजिनेर झालास न्हवं?"

"हो."

"मंग डायव्हर कावून झालास बे?"

मी समजावून सांगायला लागतो, की ही गाडी वेगळी, हिला लाखो लोक बघतात. तुम्ही मध्येच विचारता, "मागं कोन बसतंय?"

"मागं सीटच नसते दादा."

"मंग कुनाला घिऊन जातूस?"

"कुणालाच नाही. तिथल्या तिथं गोल फिरून परत यायचं."

आईला हसू आवरेना. तुम्ही मात्र हात धुतलेत आणि ताटावरून उठताना म्हणालात, "मी जलमभर दार उघडलं ते तू बी तेच करावं म्हणून न्हाई." त्यानंतर दोन वर्षं मी फोन केला की तुम्ही उचलायचात आणि म्हणायचात, "आईला देतो." दोन वर्षांत तुमचे माझ्याशी तेवढेच दोन शब्द. चौकात कुणी विचारलं, पोरगा काय करतो, तर सांगायचात, कंपनीत हाय. मी कोइमतूरला जिंकलो, चेन्नईला जिंकलो, मलेशियात गाडी भिंतीला घालून खांदा मोडून घेतला, आणि तुम्ही म्हणत राहिलात, आईला देतो. मलाही राग यायचा. वाटायचं, ज्याच्या गाडीत एकही साहेब कधी कुरकुरला नाही, त्या माणसाला ड्रायव्हर या शब्दाची एवढी लाज का?

मग एका उन्हाळ्यात खांदा बरा करायला मी घरी राहिलो आणि एके दुपारी लॅपटॉपवर स्वतःचीच रेस बघत बसलो होतो. तुम्ही पेपर वाचण्याचं सोंग करत मागं खुर्ची ओढलीत. चार तासांची रेस होती, एका गाडीला दोन ड्रायव्हर. गाडीचे मालक म्हणजे मोठे कारखानदार, त्यांना रेसचा भारी नाद, म्हणून निम्मा वेळ ते चालवायचे, निम्मा मी. आमच्या या गाड्यांच्या रेसमध्ये हे नेहमीचं, हौशी मालक आणि पगारी ड्रायव्हर अशी जोडीच असते. तुम्ही पेपरामागून विचारलंत, "सायेब सोता चालवतेत? मंग तू कशाला?"

"साहेबांनी घालवलेला वेळ मी भरून काढतो."

तुम्ही हसलात, दादा. पोट हलेपर्यंत हसलात. म्हणालात, "मंग आमचं बी जलमभर त्येच काम हुतं." मी पण हसलो आणि तेवढ्यात ड्रायव्हर बदलायची वेळ आली. साहेब गाडी आत घेऊन थांबतात, बाहेर पडतात, मी आत घुसतो. आत बसणाऱ्याला स्वतःचे पट्टे नीट बांधता येत नाहीत, जागा फार अरुंद असते, म्हणून उतरलेला ड्रायव्हरच ते बांधतो. साहेब घामाघूम, गुडघे टेकून दारातून आत वाकलेत, माझ्या खांद्यावरचे पट्टे खेचताहेत, आणि मग स्वतःच्या हातानं माझं दार लावून बाजूला सरकतात.

"वाकलेत ते कोन?"

"मालक."

तुम्ही पेपर खाली ठेवलात. "पुना लाव," म्हणालात. मी पुन्हा लावलं. मग आईला आतून बोलावलंत आणि तिसऱ्यांदा लावायला सांगितलंत. आईला त्यात काय बघायचं ते समजेना. तुम्ही चष्मा पुसत बसलात. दुसऱ्या दिवशी चौकातून घरी आलात तेव्हा तुमच्याबरोबर तुमचे तिघं जुने मित्र होते आणि मला तेच परत चारदा लावावं लागलं.

तुम्ही माझ्या गाडीत बसलात ते एकदाच, त्याच्या पुढच्या वर्षी. हृदय थकलेलं, उठून बसलं की बीपी उतरायचं. केजचे डॉक्टर म्हणाले, बीडला दाखल करा, धावपळ करू नका, पण आडवं झोपवून न्या, बसवू नका. आईनं मागच्या सीटवर गोधडी अंथरली, उशी लावली. तुम्ही माझ्या खांद्यावर हात टाकून गाडीपर्यंत आलात आणि पुढच्या दाराशी थांबलात. "मी मागं न्हाई बसणार," म्हणालात. आई म्हणाली, "आवो, डाक्टरनी सांगितलंय." तुम्ही म्हणालात, "मी मागं बसलो की ह्यो डायव्हर दिसतू." आणि पुढं बसलात. आई मागं गोधडीवर बसली.

नेकनूरपर्यंत तुम्ही माझ्या हातांकडंच बघत होता. मी गिअर टाकला की तुमचा डावा पाय हलायचा, समोर ट्रक आला की उजवा पाय चटईवर दाबला जायचा, जिथं ब्रेक नव्हता तिथं. मांजरसुंब्याला ढाब्यांपुढं गाड्यांची गर्दी होती, तिथंही दाबलात. मग घाट लागला. पहिल्या वळणाला तुमचा पाय दाबला गेला. दुसऱ्यालाही. मी आयुष्यात कुठलंच वळण एवढं जीव लावून घेतलं नसेल. तिसऱ्या वळणाला पाय हलला नाही. थोड्या वेळानं म्हणालात, "घाटात गाडी गिअरवर धरतूस. चांगलं हाय. आमी बी तसंच." पाली यायच्या आत तुम्हाला डोळा लागला. दुसऱ्याच्या गाडीत तुम्ही कधी डोळा मिटल्याचं मी पाहिलं नव्हतं. दीड तासाचा रस्ता मी अडीच तासांत नेला आणि तो संपूच नये असं मला वाटत होतं.

चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. बसून आल्यानं काही झालं का, असं मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, त्यानं काही फरक पडला नसता. हे त्यांनी खरं सांगितलं की माझ्या तोंडाकडं बघून, ते मला माहीत नाही. हे पत्र कुणाला पाठवायचं नाही आणि आईला तर वाचून दाखवायचंच नाही. ती अजून आल्या-गेल्याला सांगते, "लेकानं लई इनवण्या केल्या हो, मागं झोपा म्हणून पाया पडला, पर ह्यांनी आयकलंच न्हाई." मी ऐकून घेतो. दादा, मी तुम्हाला तसं एकदाच म्हणालो होतो, तेही हळू, तुमच्या कानावर पडणार नाही एवढ्या आवाजात. मला तुम्ही शेजारी हवे होता.