बाक रिकामं होईपर्यंत

४ जून

आले बाई एकदाची. सोळा तास गाडीत बसून कमरेचा पार भुगा झाला, पण खोली बघितली आणि शीण कुठल्या कुठे पळाला. खाट, टेबल, कपाट, बेसिन, आणि दाराला आतून कडी. पाच वर्षं वसतिगृहात तिघींच्या खोलीत काढलेल्या मुलीला स्वतःची अशी कडी म्हणजे चैनच.

सैन्याने शिष्यवृत्ती देऊन मला दंतवैद्य केलं, आता मी पाच वर्षं अधिकारी म्हणून नोकरी करून ती फेडायची. साधा सरळ मामला. अठराव्या वर्षी सह्या ठोकल्या तेव्हा पाच वर्षं म्हणजे काय ते कळतही नव्हतं. गाडीत बसून हिशेब केला: अठराशे सव्वीस दिवस. त्यातला एक आज गेला. निघताना आई म्हणाली, बघता बघता सरतील. परत आल्यावर पुढच्या खोलीत माझा दवाखाना थाटायचा असं तिने ठरवून टाकलंय, पडद्याचं कापडसुद्धा हेरून ठेवलंय. यावर ताईचं म्हणणं, पडद्याने काय होणार, पेशंट ओरडतील ते ऐकू येऊ नये म्हणून भिंतच घाला.

टोपी मात्र मोठी दिली आहे. कान आहेत म्हणून ती डोळ्यांवर येत नाही.

५ जून

माझा दवाखाना म्हणजे गोदामाच्या टोकाची लांबट खोली. उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांच्या काचा काळ्या रंगवल्या आहेत. दोन दारं. पुढच्या दाराबाहेर भिंतीला लागून एक लाकडी बाक, त्यावर शिपाई बसतात. एकेक आत येतो, खुर्चीत तोंड उघडतो, मी तक्ता भरते: कुठला दात आहे, कुठला नाही, कुठली दाढ भरलेली. तक्ता झाला की तो मागच्या दाराने बाहेर. तिथे आघाडीवर जाणारा ट्रक उभा असतो.

हा तक्ता कशासाठी, ते कॉलेजात एका दुपारी शिकवलं होतं आणि आम्ही निम्म्या पेंगत होतो. चेहरा ओळखू येण्यासारखा राहिला नाही, तर दातांवरून माणूस ओळखतात आणि घरी पोचवतात. एवढंच.

मदतनीस म्हणून एक वयस्क गृहस्थ आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी इथली रीत सांगितली. बाक रिकामं झालं की दिवस संपला. मग ते माझं सेवापुस्तक आणतात, मी सही करते, ते तारीख घालतात. खोलीत घड्याळ नाही. मी विचारलं, अकरालाच रिकामं झालं तर? तर अकराला, म्हणाले. आज बाराच जण होते. जेवणाच्या वेळेला मी मोकळी. बाजाराच्या रस्त्यावर जाऊन बुटांना टाचा मारून घेतल्या, चहा प्यायले, ताईला पत्र टाकलं की अशी नोकरी वैऱ्यालासुद्धा मिळो.

९ जून

आज तीस-पस्तीस होते. ओठावर तीळ असलेला एक कोवळा पोरगा आला, गालफड सुजलेलं. दाढ भरणं माझ्या कामात नाही, पण बघवेना. सिमेंटने भरून दिली. बाहेरची कड नेहमीसारखी जरा उंच राहिली. कॉलेजात सर म्हणायचे, तुझी दाढ शंभरांत ओळखू येईल, चांगल्या अर्थाने नाही. तिळवाल्याने खुर्चीतूनच सलाम ठोकला आणि मागच्या दाराने गेला.

सही केली तेव्हा मान इतकी अवघडली होती की लिहिताना कागद वाकडा धरला.

१२ जून

किती जण झाले ते मोजायचं सोडून दिलं. मामा जेवणाचा डबा आत आणून देतात. आज तीनदा आणला की चारदा? बाहेर डोकावून बघितलं तर बाक भिंतीच्या कोपऱ्यावरून पलीकडे वळलेलं. इतकं लांब ते नव्हतं. मामा म्हणाले, लढाई पेटलीय मॅडम, चालायचंच.

खोलीवर गेले नाही. खुर्चीतच पडले. उठले तर बाक पुन्हा भरलेलं होतं आणि मामा हातमोजे घेऊन उभे.

१६ जून

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे मी उगाच घाबरतेय की काय ते उद्या वाचून कळेल.

चाळिशीचा एक माणूस खुर्चीत बसला. कानांपाशी केस पिकलेले. तोंड उघडलं. खाली डावीकडची पहिली मोठी दाढ भरलेली, सिमेंट झिजून गुळगुळीत झालेलं, एका बाजूने फुटायला आलेलं. बाहेरची कड उंच. शिंप्याला आपला टाका कळतो तशी मला ती कड कळली. आरसा बाजूला घेऊन चेहरा बघितला. ओठावर तीळ.

मी काही विचारायच्या आधी तोच हसला. म्हणाला, "वीस वर्षं टिकली, मॅडम."

मागच्या सोमवारी भरली होती मी ती दाढ. पुस्तकात तशी तारीख आहे, माझी सही आहे.

थट्टा करतोय म्हणावं तर सिमेंट थट्टा करत नाही. ते झिजायला वर्षं लागतात. हे मला चांगलं कळतं, तेवढ्यासाठीच तर मला शिकवलंय.

१७ जून

नोंदणी कारकून टपाल घेऊन आला. ताईचं पत्र, सोबत लग्नाची पत्रिका. तिच्या छकुलीचं लग्न ठरलंय. मी निघाले तेव्हा छकुली भिंत धरून उभी राहायला शिकत होती. ताईने लिहिलंय, किती पत्रं टाकली, तुझं एक ओळीचं उत्तर नाही. आईने सत्तरी ओलांडली, गुडघे गेलेत, तरी रोज फाटकाशी जाऊन उभी राहते. एवढी कसली गं तुझी नोकरी.

खोलीत मोठा आरसा नाही. दात तपासायचा छोटा आरसा घेऊन स्वतःकडे बघितलं. त्यात एका वेळी रुपयाएवढंच दिसतं. एक डोळा, त्याच्या कडेला सुरकुत्या. मग ओठ वर करून हिरडी बघितली. हिरडी दातांवरून मागे सरकलेली. पन्नाशीच्या बाईची हिरडी.

कारकुनाला हाताला धरून बसवलं. पुस्तक उघडून विचारलं, माझे दिवस किती झाले? तेरा, म्हणाला. चौदावा चालू आहे. मी ओरडले, बाहेर किती वर्षं झाली? तो शांतपणे म्हणाला की बाहेरचं त्याच्याकडे नसतं. करारपत्र काढून त्याने कलम दाखवलं: नेमलेलं काम पुरं होईल तो सेवेचा एक दिवस. बाक रिकामं होत नाही तोवर दिवस चालूच. खाली माझी अठराव्या वर्षीची गोल गोल सही.

मी नाही करत म्हटलं तर? त्याने पान उलटलं. अधिकाऱ्याने काम सोडलं किंवा खोटं केलं, तर जामीनदाराला बोलावून घेण्यात येईल. जामीनदार म्हणून आईची सही. तिने किती जपून काढली असेल ती, रेघेच्या बाहेर जाऊ नये म्हणून. पोरगी डॉक्टर होणार म्हणून त्या दिवशी तिने शेजारच्या सगळ्या घरांत सांगितलं होतं.

पळून जाता येणार नाही. अठराशे बारा दिवस बाकी आहेत आणि दिवस संपत नाही. मला आईकडे जायचंय. ती आहे तोवर जायचंय. बाकी काही नको.

१८ जून

युक्ती सुचली. तोंड बघायला वेळ लागतो, लिहायला लागत नाही. मामांची पाठ असली की मी बघतच नाही. तोंड उघडायला लावते, मनाला येईल तसा तक्ता भरते, पुढचा. बत्तीस दात, सगळे आहेत, पुढचा. खाली एक नाही, पुढचा. बाक सरकतंय. कोपऱ्याच्या अलीकडे आलंय. असेच दिवस उरकले तर आई असेपर्यंत —

ते माझ्याकडे विश्वासाने बघतात. एकाने विचारलं, सगळं नीट लिहिलं ना मॅडम. हो म्हटलं.

वही मामांच्या डोळ्यांवर येते. म्हणून कोऱ्या तक्त्यांच्या मागे लिहिते. लांबून कामच वाटतं.

१८ जून

तारीख तीच. बाक जवळजवळ रिकामं झालं होतं. मागचं दार वाजलं.

मागच्या दाराने आजवर कुणी आत आलं नव्हतं.

ते आले. चालत आले, पुढे जाऊन बाकावर बसले. बुटांतून पाणी गळत होतं. चेहरे — चेहऱ्यांबद्दल लिहीत नाही. मामा म्हणाले, ह्यांचे तक्ते जुळले नाहीत, घरी कुणाच्या पोचवायचे ते कळेना, म्हणून परत पाठवलंय. नीट भरायचे.

पहिल्याचं तोंड उघडलं. मातीने भरलेलं. बोटाने काढत गेले. दात थंड होते. मागचा प्रत्येक दात बघितला. चुकले नाही.

मी केलं हे. ह्यांच्या घरी कुणीतरी फाटकाशी उभं असेल.

१८ जून

अजून येतायत. जे जे खोटे लिहिले ते सगळे. मध्ये जिवंतही आहेत, कोवळे, नवे, शेजारी कोण बसलंय ते त्यांना दिसत नाही. की दिसतं?

माझ्या दोन दाढा आपोआप पडल्या. खिशात ठेवल्या.

मोजत नाही. बघते. लिहिते. बघते.

१८ जून

कारकून आला होता. काम खोटं केल्याची नोंद झाली म्हणाला. कलमाप्रमाणे पत्र गेलंय.

पाय धरले त्याचे. पुन्हा नाही करणार म्हटलं, सगळे दुरुस्त केलेत, बघ, एकेक बघ. तो म्हणाला की पत्र केव्हाच पोचलं.

१८ जून

शेवटचे पाच. मग चार. मातीवाले संपले. मामा पुस्तक पुसून ठेवतायत.

तीन.

दोन.

दारातून बाकाचं टोक दिसतं. तिथे एक म्हातारी बसली आहे. मांडीवर पिशवी. पिशवीवर दोन्ही हात.

१८ जून

आई.

जिवंत आहे. हात गरम आहेत. इतकी लहान कधी झाली? तिला वाटतंय पत्र पाठवून भेटीला बोलावलंय. पिशवीत पडद्याचं कापड आहे. मी मामांना सांगितलं, ही शिपाई नाही, माझी आई आहे, हिला पुढच्या दाराने जाऊ द्या. मामा म्हणाले, बाकावर बसलं की बसलं. तिने मला रडताना बघितलं आणि माझ्या कोपराला हात लावला.

"तुझं काम होऊ दे," म्हणाली. "मी बसते."

मामांनी तिला खुर्चीत बसवलं.

१८ जून

तक्ता संपला की मागचं दार उघडतं. म्हणून संपवायचा नाही. वर उजवीकडे एक, आहे. दोन, आहे. तीन, नाही. पहिल्या वर्षाला सरावासाठी सगळ्यात आधी हिचंच तोंड बघितलं होतं, तेव्हा होता. चार, नाही. प्रत्येक दात दहादा बघते. ट्रकचं इंजिन चालू आहे.

ती तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघते. डोळ्यांनी हसते. डॉक्टर झालेली पोरगी बघते.

मामांना म्हटलं, अजून व्हायचंय. ते म्हणाले, सावकाश.

१८ जून

एकच दात उरलाय. तो लिहीत नाही.

आईने खूण केली, दुखतंय गं, मिटू का? नको म्हटलं. मिटलंस की त्यांना वाटेल झालं. नको मिटूस, आई, थोडं अजून —

जबडा थरथरतोय तिचा. सत्तरीची बाई, किती वेळ धरणार. डाव्या हाताने मी धरलाय. माझी बोटं तिच्या दातांत. ती चावत नाही, लागेल म्हणून जपतेय मला. उजव्या हाताने लिहिते. लिहिते आहे तोवर मामांना वाटतं तक्ता चालू —

शाई संपत आली.

मामा उठले. सही करून घ्या म्हणतायत, बाक रिकामं झालं, दिवस संपला. नाही, एक दात — मामा, एक दात अजून — हात सुटतोय माझा, आई, उघड, आई गं, तोंड उघडं ठे